नाव अकादमी, वर्ग तालमीचा

पुण्याच्या थिएटर अकादमीची स्थापना २७ मार्च १९७३ रोजी, जागतिक रंगभूमी दिनी झाली. नावात ‘अकादमी’ आहे म्हणून कोणी तेव्हा प्रवेशअर्ज, अभ्यासक्रम, परीक्षा आणि प्रमाणपत्र शोधायला गेला असता, तर त्याच्या हाती फारसे काही लागले नसते. दिवसाची नोकरी आटोपून संध्याकाळी जमणारी माणसे, हातात संहितेच्या प्रती, पेटी-तबला आणि तालीम, एवढीच सामग्री होती. एवढ्यावर मराठी रंगभूमीला दिग्दर्शक मिळाले, नाटककार मिळाले, गाणारे नट आणि नाटकाचा विचार करणारे संगीतकार मिळाले. संस्थेचा इतिहास लिहायचा म्हणजे नाटकांची नावे, पहिल्या प्रयोगांच्या तारखा आणि पुरस्कार ओळीने लावायचे, अशी आपल्याकडे रीत आहे. त्या नोंदी हव्यातच. पण नुसत्या नोंदींतून ही माणसे शिकली कुठे आणि कशी, हे कळत नाही. माझे म्हणणे असे की ती तालमीत शिकली, आणि त्या तालमीचे दोन गुण शिकण्याच्या मुळाशी होते. तिथे प्रश्न विचारता येत होता, आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सगळ्यांना मिळून, उभे राहून, गाऊन, चालून शोधावे लागत होते. यातला एकच गुण असता तर गाडी फार पुढे गेली नसती.

या सवयीचे मूळ संस्थेच्या स्थापनेच्या मागे जाते. भालबा केळकरांच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने, म्हणजे पीडीएने, पुण्यात हौशी नाटकाला शिस्त आणि गांभीर्य दिले, डॉ. श्रीराम लागूंची जडणघडणही तिथलीच. १९६३ पासून महाराष्ट्रीय कलोपासकांच्या पुरुषोत्तम करंडकाने महाविद्यालयांत एकांकिकांची चढाओढ लावली आणि दरवर्षी नवी मुले तालमीकडे वळू लागली. जब्बार पटेल, मोहन आगाशे, सतीश आळेकर ही मंडळी याच वातावरणातली. त्यांच्यापैकी कोणाचेही पोट नाटकावर नव्हते. पटेल बालरोगतज्ज्ञ, दौंडला दवाखाना चालवून पुण्याला तालमीला येणारे, आगाशे मनोविकारतज्ज्ञ, आळेकर जीवरसायनशास्त्राचे. याचा परिणाम तालमीवर दोन प्रकारे झाला असावा, असे मला वाटते. एक तर कोणाची रोजीरोटी कोणाच्या हातात नव्हती, त्यामुळे दिग्दर्शकाला ‘असे का?’ म्हणून विचारण्यात धोका नव्हता. दुसरे म्हणजे रोगाचे निदान करणारा आणि प्रयोगशाळेत काम करणारा माणूस पहिल्या उत्तरावर थांबत नाही. निष्कर्ष तपासून घ्यायची त्याला सवयच असते. ती सवय त्यांनी नाटकात आणली. १९७० मध्ये पटेलांनी पीडीएसाठी विजय तेंडुलकरांचे ‘अशी पाखरे येती’ बसवले, आणि दोनच वर्षांनी तेंडुलकरांचे जे नाटक या संचाच्या हाती आले, त्याने या सवयीची खरी परीक्षा पाहिली.

‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात झाला. त्यातल्या एकाच गोष्टीकडे जवळून पाहू. रंगमंचावर ब्राह्मणांची ओळ उभी राहते. ती डुलते, गाते आणि पडदा होते. ओळ प्रेक्षकांकडे पाठ करते तेव्हा मागचे झाकले जाते. उघडते तेव्हा पुणे दिसते. तीच माणसे क्षणात कलावंतिणींच्या बावनखणीकडे निघालेले रसिक होतात, कीर्तनाचे श्रोते होतात, न्याय मागणारा जमाव होतात, आणि पुन्हा ओळीत येऊन निरागस चेहऱ्याने डुलू लागतात. कोकणातल्या नमन-खेळ्यांत असे रांगेने डुलत गाणारे लोक असतात. तेंडुलकरांना या बंधाची वाट तिथून सापडली. पण संहितेत ‘ओळ पडदा होते’ असे लिहिणे वेगळे आणि ती ओळ प्रत्यक्ष पडदा करणे वेगळे. त्यात अडचणींची रांगच लागते. ओळीतला माणूस पाठ फिरवून उभा असतो तेव्हा तो कोण असतो, भिंत की मागे चाललेल्या पापाचा साक्षीदार? भजनाच्या ठेक्यावर डुलणारे शरीर लावणीच्या ठेक्यावर कोणत्या मात्रेला सरकते? ओळ तुटायची तर आधी कोण सुटतो, आणि परत जुळताना कोणाच्या खांद्याकडे पाहून जागा धरायची? यांतल्या एकाचेही उत्तर दिग्दर्शकाने खुर्चीत बसून देता येण्यासारखे नाही. ते ओळीतल्या प्रत्येकाच्या पायांत उतरल्याखेरीज बरोबर की चूक हेसुद्धा कळत नाही.

हे उतरवण्यासाठी तीन निराळ्या विद्या एकत्र आल्या. भास्कर चंदावरकर पंडित रविशंकरांचे शिष्य, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संगीत शिकवणारे. कृष्णदेव मुळगुंद नृत्यातले जाणकार. आणि पटेल दृश्य बांधणारे. चंदावरकरांनी अभंग, कीर्तन, लावणी यांच्या चाली शेजारी शेजारी आणल्या, आणि कीर्तन चालता चालता लावणीत शिरते तेव्हा देवळाची पायरी आणि कोठीची पायरी एकच होते. ही जागा संगीतकार, नृत्यदिग्दर्शक आणि नट यांच्यापैकी एकट्या कोणाचीच नाही. चाल जरा लांबली तर हालचाल रेंगाळते. हालचाल आधी संपली तर ओळ नुसती उभी राहते आणि मागचे उघडे पडते. म्हणून एकाच्या कामातली उणीव दुसऱ्याच्या कामात दिसते, आणि ‘हे इथे का?’ हा प्रश्न मनात ठेवून चालत नाही, बोलावाच लागतो. माझ्या मते शिक्षण इथे खोल होते. आपले काम दुसऱ्याच्या कामाला टेकलेले असले म्हणजे आपल्याला आपलेच काम समजावून सांगावे लागते, आणि सांगता सांगता आपल्याला किती कमी कळले होते तेही कळते. रमेश टिळेकरांचा घाशीराम आणि मोहन आगाशांचा नाना फडणवीस लोकांच्या लक्षात राहिले, आणि ते रास्तच आहे. पण त्या नाटकातला सर्वांत मोठा विद्यार्थी ती ओळ होती.

यावर पहिला आक्षेप इतिहासातूनच येतो. प्रश्न विचारण्याची मुभा दिली की संस्था फुटतात, असे म्हणणारे याच संस्थेच्या जन्माकडे बोट दाखवतील. ‘घाशीराम’मुळे नाना फडणवीसांची आणि ब्राह्मण समाजाची बदनामी होते, असा विरोध सुरू झाला, एकोणीस प्रयोगांनंतर पीडीएने नाटक थांबवले, संचातले लोक बाहेर पडले आणि त्यांनी थिएटर अकादमी काढली. १९७४ च्या जानेवारीत नाटक पुन्हा उभे राहिले. हा आक्षेप मला उडवून लावता येत नाही, कारण फूट खरोखरच पडली आणि ज्या वडीलधाऱ्या संस्थेने या मुलांना रंगमंचावर उभे केले तिचे त्यात नुकसान झाले. भालबांचे ऋण त्या वादामुळे कमी होत नाही. पण नेमके काय घडले ते पाहावे. नाटकाच्या आत प्रश्न विचारत राहिल्यामुळे संच फुटला नाही. तो अधिक घट्ट झाला, इतका की नाटक बंद पडल्यावरही तो विखुरला नाही. हे नाटक करायचे की नाही, हा निर्णय जेव्हा तालमीच्या बाहेर आणि ते करणाऱ्यांशिवाय होऊ लागला, तेव्हा वाट वेगळी झाली. मुंबईतही साधारण याच काळात विजया मेहतांच्या ‘रंगायन’मधून अरविंद आणि सुलभा देशपांडे बाहेर पडले आणि १९७१ मध्ये ‘आविष्कार’ उभी राहिली. कारणे निराळी होती, पण एक साम्य आहे: ज्या संस्था सभासदांना विचार करायला शिकवतात त्यांचे सभासद कधी ना कधी संस्थेलाही विचारतात. ही किंमत मोजावी लागते. माझ्या मते ती मोजण्याजोगी आहे, कारण न विचारणारे सभासद टिकवून ठेवलेल्या संस्था टिकतात खऱ्या, पण वर्षानुवर्षे तेच नाटक त्याच पद्धतीने करत राहतात.

विरोध पुढेही संपला नाही. १९८० मध्ये युरोपच्या दौऱ्याचे निमंत्रण आले तेव्हा हे नाटक परदेशात दाखवू नये म्हणून मोठा गदारोळ झाला आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. तरी दौरा झाला. इतकी वर्षे चालणाऱ्या नाटकात ओळीतली माणसे बदलत राहतात, आणि नव्या माणसाला दोन जुन्यांच्या मध्ये उभे करणे हाच त्याचा पाठ असतो. उजवीकडचा श्वास ऐकायचा, डावीकडचा खांदा पाहायचा. शिकवणारा आणि शिकणारा एकाच ओळीत, एकाच ठेक्यावर उभे असतात. अशी शाळा पुण्यात त्यावेळी दुसरी नसावी.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. लेखन हे एकट्याचे काम आहे, समिती बसवून नाटक लिहिता येत नाही, आणि प्रतिभेला सहकार्याची गरज नसते, असे पुष्कळ लेखक मनापासून मानतात. आळेकरांचे ‘महानिर्वाण’ (१९७४) या आक्षेपाच्या बाजूने उभे करता येईल, कारण ते दुसऱ्या कोणाच्या हातून उतरलेच नसते. चाळीत राहणारे भाऊराव मरतात आणि मेल्यावर कीर्तनकार होऊन स्वतःच्याच मरणाचे आख्यान लावतात; त्यांना जुन्याच स्मशानात दहन हवे असते आणि ते तर बंद झालेले. ही कल्पना चर्चेतून निघत नाही. मात्र हे नाटक उभे राहते कशावर तेही पाहिले पाहिजे. कीर्तनात बुवा एकटा बोलतो असे वाटते, पण मागे झील धरणारे नसतील तर त्याचे आख्यान कोरडे पडते. ‘महानिर्वाण’मध्ये चाळकरी हेच झीलकरी आहेत. ते गातात, शोक करतात, तिरडीची तयारी करतात आणि भाऊरावांच्या बोलण्याला ताल देतात. असा समूह लिहिणाऱ्या लेखकाने समूह आतून पाहिलेला असतो. ‘घाशीराम’च्या वेळी आळेकर पटेलांचे सहायक होते, ओळ कशी जुळते, गाता गाता बोलणे कसे निघते, हे त्यांनी तालमीत पाहिले होते. चंद्रकांत काळे यांच्यासारखा गळ्याचा आणि अंगाचा नट समोर असल्याने भाऊरावांचे गाणे-बोलणे कागदावर अडकून राहिले नाही. तेव्हा लेखन एकट्याचे हे मान्य. पण लेखकाच्या कानात कोणाचे आवाज आहेत, याचा हिशेब त्यात धरायला हवा. पुढे ‘महापूर’ मोहन गोखल्यांनी बसवले आणि १९७९ मध्ये ‘बेगम बर्वे’ आले. त्यात नाट्यसंगीताच्या जुन्या वैभवाकडे आळेकरांनी इतक्या ममतेने आणि इतक्या निर्भयपणे पाहिले आहे की ते नाटक या संस्थेच्या साऱ्या कामातले मला सर्वांत मोलाचे वाटते.

सहकार्य म्हणजे सगळ्यांनी एकमत करणे, असा एक गैरसमज आहे. १९७८ चे ‘तीन पैशाचा तमाशा’ त्याला चांगले उत्तर आहे. मूळ नाटक ब्रेख्टचे, १९२८ मधले, आणि तेही कोणा एकाचे नव्हते. जॉन गे यांच्या १७२८ च्या ‘बेगर्स ऑपेरा’चा जर्मन अनुवाद एलिझाबेथ हाउप्टमान यांनी केला, संगीत कुर्ट व्हाइल यांचे, आणि त्यावर ब्रेख्टने आपली रचना उभारली. ते पु. ल. देशपांड्यांनी मराठीत आणले. पटेलांनी बसवताना त्याला संगीत दिले चंदावरकर, आनंद मोडक आणि नंदू भेंडे यांनी. एक शास्त्रीय संगीतातून आलेला, एक मराठी सुगम आणि लोकसंगीत मुरवलेला, एक रॉक गाणारा. या तिघांना एका चालीवर आणले असते तर नाटक बेचव झाले असते. तिघे तिघांसारखेच राहिले, आणि कोणता माणूस कोणत्या गाण्यात बोलेल हा प्रश्न सोडवताना पात्रांचे वर्ग आणि स्वभाव उघडे झाले. मतभेद मिटवण्यापेक्षा त्यांना नाटकात योग्य जागा देणे, ही कला संस्थेला इथे साधली. १९८५ मध्ये अरुण साधूंचे ‘पडघम’ आले, त्यावेळीही मोडकांचे संगीत नाटकाच्या युक्तिवादाचा भाग होते.

परंपरेकडून येणारा आक्षेप असा: आपल्याकडे विद्या गुरुमुखातून मिळते, शिष्याने आधी वर्षानुवर्षे गळा आणि हात तयार करावा, प्रश्न मागाहून, कच्च्या माणसाने विचारलेले प्रश्न तालीम लांबवतात आणि दिग्दर्शकाची नजर विस्कटते. यात तथ्य आहे. ओळीतला माणूस तालात कच्चा असेल तर त्याच्या प्रश्नाला अर्थ उरत नाही, आणि प्रयोगाच्या आदल्या दिवशी ‘मी इथून का जातो?’ म्हणून अडून बसणारा नट संचाचा शत्रूच. पण परंपरा प्रश्नाला मनाई करते, हे मला पटत नाही. गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञान मिळवण्याची साधने सांगताना प्रणिपात आणि सेवा यांच्या मधोमध परिप्रश्न बसवला आहे. नम्रता आणि कष्ट यांच्या सोबतीने विचारलेला प्रश्न, असा त्याचा अर्थ मी घेतो. तालमीतला चांगला प्रश्न अगदी तसाच असतो: विचारणारा पुढच्याच मिनिटाला उठून तो करून पाहायला तयार असतो. दिग्दर्शकाचा अधिकारही त्याने जात नाही. शेवटचा शब्द एकाचाच हवा. फक्त तो शब्द पहिला असू नये. ‘घाशीराम’ची ओळ ही मराठी रंगभूमीवरच्या कडक शिस्तीच्या गोष्टींपैकी एक आहे, आणि आपण भिंत का आहोत हे कळलेली माणसेच तशी भिंत होऊ शकतात.

मात्र एका मर्यादेबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. तालमीत प्रश्न तोच विचारला जातो ज्याचा विचारणारा तिथे हजर आहे. पुण्यातला शिकलेला, नोकरी करणारा, बहुतेक मध्यमवर्गीय तरुण हा सुरुवातीच्या संचाचा कणा होता. वर आलेल्या नाटकांच्या मराठी लेखकांत एकही स्त्री नाही. त्याच दशकात दलित साहित्य महाराष्ट्र हलवत होते, आणि गावोगावची हौशी मंडळी तुटपुंज्या साधनांवर नाटके करत होती. त्यांचे प्रश्न पुण्याच्या तालमीच्या खोलीत आपोआप येणार नव्हते. संस्थेने हे उशिरा का होईना ओळखले, असे तिच्या पुढच्या कामावरून दिसते. १९८५ ते १९९४ या काळात फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने आळेकरांच्या पुढाकाराने नाटककार विकास योजना आणि प्रादेशिक नाट्यसंस्थांच्या विकासाची योजना राबवली गेली. नाटकाचा खर्डा घेऊन यायचा, तो वाचून दाखवायचा, ऐकणाऱ्यांच्या शंका सोसायच्या आणि घरी जाऊन पुन्हा लिहायचे, ही शिस्त त्यामागे होती. याच सुमारास मोहन आगाशे बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची रीत पुण्यात घेऊन आले आणि श्रीरंग गोडबोले यांनी त्या नाटकांना मराठी घर दिले. ग्रिप्समध्ये मोठी माणसे मुलांच्या भूमिका करतात, आणि परी-राक्षसांऐवजी मुलाला घरात, शाळेत, रस्त्यावर पडणारे प्रश्न रंगमंचावर येतात. मुलाला उपदेश करणाऱ्या आपल्या बालनाट्याला ही दिशा नवी होती. योजनांनी मर्यादा संपली, असे मी म्हणणार नाही. ती कमी झाली, एवढेच खरे.

१९९६ मध्ये आळेकर पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचे प्रमुख झाले आणि २००९ पर्यंत त्या पदावर होते. ज्या संस्थेला अभ्यासक्रम नव्हता, तिच्या तालमीत तयार झालेला माणूस अभ्यासक्रमाच्या जागी बसला, आणि या अकादमीने शिकवण्याची एक रीत घडवली होती याचा याहून चांगला पुरावा मला सापडत नाही. आता त्या रीतीचे कागद राहिले आहेत का, हा शेवटचा विषय. प्रयोगांच्या तारखा छापल्या गेल्या, संहिता पुस्तकरूपाने आल्या, छायाचित्रे निघाली, परीक्षणे कात्रणांत आहेत. पण तालमीत कोणी काय विचारले, कोणती हालचाल आधी होती आणि का बदलली, कोणती चाल टाकून दिली, हे फारसे कुठे छापलेले नाही. ते असेल तर संहितेच्या जुन्या प्रतींच्या समासात पेन्सिलीने लिहिलेल्या खुणांत असेल, ओळीतल्या माणसांच्या वह्यांत असेल, एखाद्या कॅसेटवर असेल. त्या पिढीतले पुष्कळजण आता आपल्यात नाहीत, आणि घर आवरताना अशा प्रती रद्दीत जायला एक दुपार पुरते. ज्यांच्या कपाटात त्या असतील त्यांना विनंती आहे की त्या टाकू नका. आणि जे त्या ओळीत उभे होते त्यांनी आपल्या आठवणीतले प्रश्न, उत्तरे आठवत नसली तरी, लिहून ठेवावेत.